पार्कातल्याच हॉटेलात का, याची बारकूने दिलेली कारणं

कारणांच्या आधी

सुरुवात तेरा वर्षांच्या भाविकाने केली. ती पडवीच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती, हातात आईचा फोन, आणि रंगझुला पार्कातल्या एकेका पाळण्याची माहिती बातम्या दिल्यासारखी वाचत होती.

"घोड्यांचं चक्र. सगळ्यांना चालेल. पाण्यातली घसरगुंडी. सगळ्यांना चालेल. धूमकेतू!" इथे तिने श्वास घेतला. "उंची कमीत कमी एकशे चाळीस सेंटिमीटर. वय बारा ते साठ. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवेश नाही. हृदयविकार, पाठदुखी, गुडघेदुखी असणाऱ्यांनी बसू नये. दोनदा उलटा होतो."

"कोन उलटा होतो?" बारकूने विचारलं.

"पाळणा, आजोबा. माणसांसकट."

बारकू विळ्याला धार लावत होता. धार लावायची थांबली. साठ? त्याला आपलं आधार कार्ड आठवलं. एक जून एकोणीसशे सहासष्ट. भिंतीवरचं कॅलेंडर मे महिन्याची बारा तारीख दाखवत होतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढी वजाबाकी जमते.

वैशाखरे गावात त्याच्या वयाच्या झाडून सगळ्या माणसांचा जन्म एक जूनला झालेला आहे. बाप पोराला शाळेत घालायला न्यायचा. गुरुजी विचारायचे, कधीचा? बाप सांगायचा, नाचणीच्या दिवसांतला. गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. बारकूच्या बापाने तर दोन पोरगे एकाच खेपेत नेले होते, बारकू आणि त्याच्याहून तीन वर्षांनी लहान धाकलू. गुरुजींनी दोघांना एकच तारीख आणि एकच साल देऊन टाकलं. तेव्हापासून दोघे भाऊ कागदावर जुळे आहेत.

आणि बारकूला धूमकेतूत बसायचं होतं.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? पौषात म्हसे गावात म्हशाची जत्रा भरते, तिथे आकाशपाळणा येतो, आणि आकाशपाळण्याखाली बारकू उभा असतो. हा शिरस्ता. बारकू वीसेक वर्षांचा असताना बाप बोलला, "तू मोठा, तू सामान सांभाळ." धाकलू वर गेला, बारकू खाली राहिला. पुढे लग्न झालं, रखमी वर गेली. मनोज झाला, मनोज वर गेला. मनोजची बायको सारिका, मग नात भाविका. बारकू खाली. हातात चपला, खांद्यावर घोंगडी, काखेत नवा कुकर, एका वर्षी तर कुणाच्या तरी नव्या बैलाचा कासरासुद्धा. इतक्या वर्षांत त्याच्या ताब्यातून एक चप्पल हरवली नाही. गावात नाव होतं त्याचं. जत्रेत ओळखीपाळखीची माणसंसुद्धा येऊन त्याच्यापुढे चपला काढायची.

आणि तो मान वर करून बघत राहायचा.

सारिकाचा तक्ता

सारिका अंगणवाडीत शिकवते. रकाने आखल्याशिवाय तिला विचार करता येत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने दोन आखले.

एकीकडे: *पार्कातलं हॉटेल.* रविवारी दुपारी खोली. रविवारी संध्याकाळी पाच ते आठ पार्क, हॉटेलातल्या लोकांना खास. सोमवारी सबंध दिवस पार्क. एसी. पोहायचा तलाव.

दुसरीकडे: *किशोरचं लॉज.* पार्कापासून दोन किलोमीटर. रविवारी मुक्काम, सोमवारी पार्क. किशोर घरचा.

पैशांची ओळ तिने सगळ्यात खाली लिहिली होती आणि बोलताना तिच्यावर हात ठेवला होता.

"किशोरकडंच," मनोज बोलला. तो आसनगावच्या गोदामात कामाला. रविवारची सुट्टी आणि सोमवारची रजा टाकून तो सगळ्यांना नेणार होता, मित्राची इको गाडी मागून. "आईच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. त्याच्या दारावरनं जाऊन दुसरीकडं झोपलो तर उद्या लग्नात तोंड कसं दाखवू?"

"बरोबर," धाकलू बोलला. धाकलू शेजारच्या घरात राहतो आणि चहाच्या वासावर येतो. बायकोला गाडी लागते म्हणून तो एकटाच येणार होता, ह्याचा त्याला आनंद लपवता येत नव्हता.

बारकू तक्त्याकडे बघत होता. सोमवार म्हणजे एक जून. सोमवारी तो कागदावर साठचा झाला की धूमकेतू संपला. रविवार म्हणजे एकतीस मे, संध्याकाळी पाच ते आठ. धूमकेतूसाठी त्याच्या आयुष्यात एवढेच तीन तास उरले होते, आणि ते डाव्या रकान्यात होते.

"मना वाटतं," त्याने घसा साफ केला, "पार्कातलंच हॉटेल बरं."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. हा माणूस मुरबाडच्या बाजारात वांगी घ्यायला गेला तर तीन फेऱ्या मारून, वांगी न घेता परत येतो.

"का?" सारिकाने विचारलं. पेन्सिल तयार होती.

कारण पहिलं: पाणी

"लॉजचं पानी बादतं."

"किशोरच्या दारात इहीर हाय," रखमी बोलली. "मागल्या म्हैन्यात त्याच्याकडं लगीन जेवून आलात. त्याच इहिरीचं चार लोटे पानी प्यालात."

"म्हून तर सांगतोय."

"काय झालं व्हतं तुमाला?"

"काय नाय झालं."

"मग?"

बारकूने विळ्याची धार अंगठ्याने तपासली. धार चांगली होती. कारण बोथट होतं.

कारण दुसरं: गुडघा (मागे घेतलं)

दुसऱ्या दिवशी त्याने उजवा पाय ओढायला सुरुवात केली. पडवीतून ओसरीवर, ओसरीवरून चुलीपाशी.

"दोन किलोमीटर चालायचं म्हंजे," तो बोलला, "मना आता गुडघा नाय साथ देत. हॉटेल आतमधीच असलं तर बरं पडंल."

"काल तुमी राब भाजायला गोवऱ्यांचा भारा टेपाच्या चढावर नेलात," रखमी बोलली.

"त्यानंच धरला."

"किशोर रिक्षा पाठवल, बाबा," सारिका बोलली.

आणि कठड्यावरून भाविका, फोनमधून डोकं न काढता: "गुडघेदुखीवाल्यांना धूमकेतूत घेत नाहीत, तसं आजोबांना काय, ते तर खालीच असतात."

बारकू उभा राहिला. तिथल्या तिथे त्याने दहा बैठका काढल्या. सरळ, खाली, वर, खाली, वर. खांबाला बांधलेलं वासरू दोन पावलं मागे सरकलं.

"गेला," तो धापा टाकत बोलला. "पार बरा झाला."

"दादा, ह्ये औषध कुठलं रे?" धाकलूने विचारलं. "माजी कंबर आठ दिवस धरलीय."

कारण तिसरं: पोहणं

"मना पोवायचंय."

रखमी भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली.

"नदीवर बैल धुवायला जाता तरी कंबरंच्या वर पानी घेत नाय तुमी."

"तवा बैल व्हता संगं. लाज वाटायची."

"बैलाची?"

सारिकाने तक्त्यात 'पोहणे' असं लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हापुढे आणखी एक.

कारण चौथं

नाश्त्याचं होतं. तोंडातून बाहेर पडायच्या आत किशोरचा फोन आला की नाश्त्याला त्याने कोंबडीवडे ठरवलेत. कारण जागीच मेलं.

मतदान

भाविकाने व्हॉट्सअॅपवर 'चलो रंगझुला' नावाचा ग्रुप काढून त्यात मतदान ठेवलं. दोन पर्याय. बारकूच्या फोनची काच मधोमध तडकलेली, आणि त्याचं बोट नांगराच्या मुठीला सरावलेलं. त्याने नीट चष्मा लावला, नीट नेम धरला आणि दाबलं.

*किशोरचं लॉज: ६. पार्कातलं हॉटेल: ०.*

"एकमतानं!" धाकलू पडवीतून ओरडला. "दादानं पण दिलं!"

कारण पाचवं शोधायला सापगावला

बियाणं बघून येतो असं घरी सांगून बारकूने मुरबाड गाठलं, तिथून शहापूरची एसटी धरली आणि सापगावला उतरला. तिथे त्याची मोठी बहीण सकुबाई राहते. सकुबाई अंगणात खाटेवर लुगडं पसरून त्यावर पापड वाळत घालत होती. हातात कावळ्यांसाठी काठी.

"बाय," बारकू टेकता टेकता बोलला, "मी कवा झालो?"

"झालास तो झालास मेल्या. आता काय त्याचं?"

"नाय, खरंच. कुठल्या म्हैन्यात?"

सकुबाईने काठी खाली ठेवली. "आय नाचणी लावत व्हती. वरनं पानी कोसळतंय. दुपारची भाकर बांधावर तशीच, नि तू आलास. म्हंजे आखाड. मी तुला टोपलीत घालून घरी आनला, चिखलासकट."

"पक्कं आखाड? म्हंजे जूनच्या फुडं?"

"चिखल काय जेठात व्हतो?"

बारकूचा जीव भांड्यात पडला. म्हणजे एक जूनला तो खरा साठचा होतच नव्हता. आखाड यायला तेव्हा निदान महिना तरी होता.

"ह्ये लिवून देशील?"

"मना लिवता आलं असतं तर तुजी तारीख मीच नसती घातली? गुरुजीला कशाला लावली असती?" तिने एक पापड उलटला. "माजी पन एक जूनच हाय. आपल्या तिघांची मिळून एक. काम काय काढलंस ते सांग."

बारकूने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पापडांवर कावळासुद्धा नव्हता. मग त्याने सांगून टाकलं. पाळणा, साठ, एकतीस मे, पाच ते आठ.

सकुबाई हसायला लागली. हसता हसता खाटेवर टेकली, टेकली ती दोन पापडांवर. डोळ्याला पदर लावून तिने विचारलं, "वरती करायचं काय असतं रे?"

"तेच तर मना ठावं नाय, बाय."

तिचं हसू जरा थांबलं.

"कुनाला सांगशील?" बारकू बोलला.

"मी? माज्या तोंडातनं शब्द नाय जायचा," सकुबाई बोलली आणि त्याला पापड बांधून दिले.

कारण सहावं, जे बारकूने दिलं नाही

तो घरी पोचला तेव्हा सगळे ओसरीवर होते आणि रखमी मधोमध उभी होती.

"पार्कातलंच हॉटेल," ती बोलली.

मनोज: "काय?"

सारिका: "आई, मतदान झालंय."

धाकलू: "वैनी! सख्ख्या भाच्याचं लॉज सोडून?"

"मना एसी पायजे," रखमी बोलली.

ही बाई वैशाखात चुलीपुढे दोन तास बसते. शेजारी पंखा लागला तर पदर घट्ट लपेटून घेते. मनोजने कूलर आणला, तेव्हा तिने तो कांद्यांच्या बाजूला ठेवला, कांदे टिकतात म्हणून.

"एसी?" मनोजने पुन्हा विचारलं.

"म्हंजे काय मी मानूस नाय?"

बारकू पापडांचं पुडकं धरून उंबऱ्यात उभा होता. काय घडतंय ते त्याला कळेना, पण चालत्या बैलाला टोचायचं नसतं एवढं त्याला कळत होतं.

राहता राहिला किशोर. रखमीने स्वतः फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, साक्षीदार असावेत म्हणून.

"मावशी," पलीकडून किशोरचा आवाज भरून आला, "माज्या दारावरनं जानार तुमी?"

"दारावरनं कशाला? दारात येनार. एकतीसला दुपारचं जेवन तुज्याकडं."

"जेवन?"

"सगळ्यांचं."

"मग ठीक हाय," किशोर बोलला. "मग मी बोकड सांगतो."

बारकूने बोटांवर तास मोजले. किशोरकडचं जेवण म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. एप्रिलमधल्या लग्नात तो बारा वाजता जेवायला बसला होता आणि साडेचारला उठला होता.

एकतीस मे

सकाळी नऊ. इको निघाली. मनोज चालवत होता, धाकलू शेजारी बसून त्याला शिकवत होता.

साडेदहा. म्हसे आलं. जत्रेचं मैदान रिकामं, दोन म्हशी आणि एक तुटकं बाकडं. बारकूने काचेतून नेमकी ती जागा बघितली जिथे तो उभा राहायचा. तिथे गवतसुद्धा नीट उगवलं नव्हतं. त्याला वाटलं, आपल्याच पायांनी.

साडेबारा. किशोरचं लॉज. किशोर फाटकात उभा, पांढरा शर्ट, हात जोडलेले.

एक. पाट मांडले.

दोन. "काका, तुमी कायच नाय घेतलं."

अडीच. "काका, हा तुकडा मी तुमच्यासाठी बाजूला ठेवलावता."

तीन. तुकडे अजून बाजूला ठेवलेले होते.

साडेतीन. सगळे आडवे झाले. बारकू एकटाच भिंतीला पाठ लावून बसून, घड्याळाकडे बघत.

सव्वाचार. त्याने खोकला काढला. धाकलू घोरला.

पाऊण तास असाच.

पाच. पार्क उघडला. दोन किलोमीटरवर, झाडांच्या वर, धूमकेतूचा निळा रूळ दिसत होता. त्यावरून एक डबा वर चढला, क्षणभर थांबला आणि दिसेनासा झाला. मागून किंकाळी आली, उशिरा, हवेतून चालत आल्यासारखी.

"चला," बारकू उठला.

"चहा घेतल्याबगार?" किशोर दुखावला. "असं कुठं असतंय, काका?"

असं कुठेच नसतं. चहा घेतल्याशिवाय घरच्या माणसाकडून उठता येत नाही. दूध तापायला ठेवलं. दूध उतू गेलं. दुसरं दूध आणायला शेजारी माणूस पाठवला. तो माणूस तिथेच गप्पा मारत बसला असावा. साडेपाच. पावणेसहा. चहा आला, कडकडीत, वर वाफ. बाकीचे बशीत ओतून फुंकत होते. बारकूने कप उचलला आणि एका घोटात सगळा आत घेतला. डोळ्यांतून पाणी आलं.

"काकांना चहा लई आवडला," किशोर बोलला. "आनखी आना."

"नको!" रखमी एवढ्या जोरात ओरडली की सगळ्यांच्या बशा हिंदकळल्या. "मना एसी पायजे! आत्ता!"

सहा वाजून दहा मिनिटं: हॉटेल

काउंटरमागच्या मुलीच्या छातीवर नाव होतं: रेश्मा. तिने सगळ्यांची आधार कार्डं घेतली, एक बघितलं, दुसरं बघितलं, मग दोन्ही शेजारी ठेवली.

"तुम्ही दोघं जुळे?"

"नाय," बारकू.

"हां," धाकलू. "कागदावर."

"आणि यांचीपण एक जून?" तिने रखमीचं कार्ड धरलं. "फक्त साल वेगळं."

"माजी बहीन आली असती तर तिची पन तीच," बारकू बोलला, मदत व्हावी म्हणून.

मदत झाली नाही. रेश्माने फोन उचलला. "सर, जरा येता? कार्डांचं काहीतरी आहे."

सहा पंचवीस. सहा पस्तीस. बारकू एका पायावरून दुसऱ्या पायावर. भाविका त्याच्याकडे बघून, "आजोबा, बाथरूम तिकडे आहे."

सर आले. कोट, टाय, छातीवर नाव हनुमान. त्यांनी तिन्ही कार्डं हातात घेतली, उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"गाव कुठलं तुमचं?"

"वैशाखरे. मुरबाड."

"मी परभणीकडचा." त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून आपलं कार्ड काढलं आणि काउंटरवर पत्त्याच्या पानासारखं टाकलं. एक जून.

"आमच्या गुरुजींनीपण!" ते बोलले आणि दोन्ही भावांना काउंटरवरूनच मिठी मारायला गेले. "रेश्मा, उद्या सकाळी केक. वाढदिवसवाल्यांना हॉटेलकडून असतो. तीन यांचे. चौथा माझ्यासाठीपण सांग, इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही."

"साहेब," बारकू बोलला, "पार्क आठला बंद व्हतो ना?"

सात वाजून पाच मिनिटं

ते धावले. रखमी साडीचा काष्टा खोचून धावली. धाकलू बोकडाच्या वजनाने मागे राहिला आणि "थांबा रे, थांबा गो" करत धावला.

धूमकेतूखाली पाटी: *शेवटची फेरी ७:४५. सामान व चपला आत नेऊ नयेत.*

आणि मग जे दर पौषात व्हायचं ते झालं. कुणी काही ठरवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. सारिकाने पर्स काढून बारकूच्या खांद्याला अडकवली. मनोजने फोन आणि किल्ली त्याच्या खिशात टाकली. भाविकाने बाटली आणि टोपी दिली. धाकलूने चपला काढल्या आणि त्याच्या हातात ठेवल्या, बोटांत नीट अडकवून, अगदी प्रेमाने. रांग पुढे सरकली. फाटकावरच्या माणसाने हात आडवा केला.

"काका, तुम्ही खालीच ना? या बाजूला उभे राहा."

बारकू बाजूला सरकला. पाय आपोआप सरकले. मान आपोआप वर झाली. वर डबा चढत होता, टक टक टक टक, आणि त्याच्या हातात धाकलूच्या चपला होत्या.

रखमी त्याच्यासमोर उभी होती. ती रांगेत गेली नव्हती. नुसती बघत होती, जशी चुलीवरच्या दुधाकडे बघतात.

बारकूने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"मी पन बसनार!"

आवाज अख्ख्या रांगेला ऐकू गेला. मनोज वळला. सारिकाच्या तोंडाचा आ झाला. दोन अनोळखी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रखमीने दोन्ही हात पुढे केले. "आना हिकडं," ती बोलली. "पंधरा दिवस झाले, कवा तोंडानं बोलताय त्याची वाट बघतेय."

"तुला—"

"सकूबायचा फोन तुमची एसटी सुटायच्या आत आला. नि ती नसती बोलली तरी. अडोतीस वरसं बगतेय मी वरनं. खाली ह्यो मानूस, मान मागं टाकून, तोंड उघडं. मान दुखत नाय का, असं मना दर साली वाटायचं." तिने पर्स ओढली, बाटली ओढली, टोपी, फोन, किल्ली, चपला ओढल्या. "जावा आता. का उचलून टाकू?"

फाटकावरच्या माणसाने बारकूचं कार्ड बघितलं. मग मोबाइलमधली तारीख. मग पुन्हा कार्ड.

"काका, उद्या साठ पूर्ण होतात तुमची."

"उद्याचं उद्या."

"गुडघे?"

बारकूने तिथेच दोन बैठका मारल्या.

"बसा," तो माणूस बोलला.

धाकलू शेजारी येऊन बसला. छातीवर लोखंडी दांडा खट्‌कन बसला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. "दादा! म्हंजे उद्या मी पन साठचा? म्हंजे तू त्या पान्याचं, गुडघ्याचं, पोवायचं सगळं—"

डबा हलला.

टक टक टक टक. वर. पार्क खाली गेला. झाडं खाली गेली. किशोरच्या लॉजची लाल पाटी दिसली, मग डोंगर दिसले, मग नुसतं आभाळ, दिवस मावळतानाचं, आमसुलाच्या रंगाचं. डबा टोकावर थांबला. अगदी एवढासा. बारकूने खाली बघितलं. खाली रखमी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, अंगाखांद्यावर पिशव्या, मान मागे टाकून, तोंड उघडं.

वर असं असतं तर, त्याला वाटलं. वरून असं

दिसतं

आणि

खा

ली

"आयेऽऽऽऽ!" हा धाकलू होता, चाळीस पौषांचा अनुभवी. "आये गो! दादा, थांबव! दादाऽऽ!"

आभाळ खाली. पार्क वर. पोटातला बोकड छातीत. चष्मा कानाला धरून, दात वाऱ्यावर, गालाची पिशवी फडफडतेय, आणि कुणीतरी हसतंय, मोठ्याने, गदगदून, लाज सोडून, हे कोण हसतंय, तो स्वतः, आणि पुन्हा उलटा, आणि रखमी डोक्यावर लटकलेली, आणि रखमी पुन्हा खाली, आणि

थांबलं.

सात वाजून एकोणचाळीस मिनिटं

बारकू खाली उतरला. तो सरळ रखमीपाशी गेला. बोलायला तोंड उघडलं, पण आतून हसूच आलं.

"दादा, चपला दे," मागून धाकलू बोलला, पांढराफटक.

रखमीने चप्पल पुढे केली. एक.

"दुसरी, वैनी?"

रखमीने पर्स उचलून बघितली. टोपी हलवून बघितली. गोल फिरून बघितलं. "आत्ता तर व्हती. मी वर बघत व्हते."

म्हशाच्या जत्रेत, बैलांच्या गर्दीत, घोंगड्यांच्या ढिगात, चाळीस वर्षांत न हरवलेली चप्पल इथे हरवली होती. बारकू त्या एकट्या चपलेकडे बघत राहिला आणि मग एवढा हसला की त्याला कठडा धरावा लागला. सारिका हसली, मनोज हसला, भाविका जमिनीवरच बसली.

वर शेवटच्या फेरीची शिट्टी झाली.

बारकूने रखमीच्या खांद्यावरून पर्स काढली, हातातून बाटली, टोपी, फोन, किल्ली, उरलेली चप्पल घेतली, आणि सगळं धाकलूच्या कवेत कोंबलं. "धर. तू धाकला, तू सामान सांभाळ." आणि रखमीचा हात धरून तो फाटकाकडे निघाला.

"अवो, मी कुठं? माजं वय—"

"अठ्ठावन. उद्या. कार्ड हाय माज्या खिशात."

"मना भ्या वाटतं! मना खोलीत जायचंय! मना एसी पायजे!"

"चल गो," बारकू बोलला. "वरती लई एसी हाय."